भाचा प्रेसवर लागतोय, म्हणून ही यादी

भाचा सोमवारपासून रबाळ्याच्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या-कापणाऱ्या मशीनवर, लागतोय. बहिणीला तोंडी सांगायला बसलो तर अर्धं विसरेन, म्हणून लिहून काढतो. टीटीसीत (नवी मुंबईचा कारखान्यांचा पट्टा) किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटला ज्यांच्या घरचं कुणी मशीनवर आहे, त्यांनीही वाचा. माझ्या धाकट्या भावाचं बोट प्रेसखाली गेलं तेव्हा सगळी धावपळ मी केली. सगळ्यात मोठी चूकही मीच केली.

डबा, बूट, आधार कार्ड हे सांगत नाही. आधी एवढं बघा की पोरगा तिथे कामाला आहे हे कागदावर कुठे दिसतं का. हजेरीच्या मस्टरवर नाव आहे का, पगार बँकेत येतो का. रोखीने देत असतील तर निदान 'उद्या सेकंड शिफ्टला ये' असले सुपरवायझरचे मेसेज पुसू नका. ठेकेदारामार्फत लागला असेल तर ठेकेदाराचं आणि गाळामालकाचं अशी दोन्ही नावं लिहून ठेवा. मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं असेल, तर भरपाई थेट मालकाकडे मागता येते. ती ठेकेदाराकडून कशी वसूल करायची ते मालकाने बघावं. 'तो आमचा माणूसच नाही' हे वाक्य ऐकून आम्ही आठ दिवस गप्प बसलो होतो.

पगारातून ईएसआयसीचे (कामगारांचा सरकारी विमा) पाऊण टक्का कापतात का, हेही आजच विचारा. कापत असतील तर वाट वेगळी. उपचार त्यांच्या दवाखान्यात, रजेच्या काळात रोजच्या सरासरी मजुरीच्या ९० टक्के, कायमच्या अपंगत्वाचं त्यांचं मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि मग मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. दहापेक्षा कमी माणसांचा गाळा किंवा २१ हजारांवर पगार असेल तर सहसा ईएसआयसी नसते. तिथे मालक स्वतः देणं लागतो. पुढचं सगळं त्या लोकांसाठी.

मशीनचा फोटो काढून ठेवा, गार्डसकट, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या आडोशासकट. गार्ड नसेल तर गार्ड नसलेला. माल लवकर निघावा म्हणून गार्ड काढायला लावतात आणि अपघात झाला की 'यानेच काढला' म्हणतात. गार्ड कामगाराने मुद्दाम काढला किंवा तो दारू प्यायला होता असं सिद्ध झालं, तर बोटाबिटाची भरपाई बुडू शकते. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर मात्र मालकाला ही सबब चालत नाही.

आता ज्यासाठी बसलो ते. दवाखान्याचा पहिला केस पेपर. त्यावर डॉक्टर 'हिस्टरी' लिहितात, म्हणजे काय झालं, कुठे झालं, कुणी सांगितलं. भावाला गाळ्यातल्या माणसाने रिक्षात घालून नेलं आणि खिडकीवर सांगितलं, 'घरी लोखंडी दारात बोट सापडलं.' मी पोचलो तेव्हा भाऊ फडक्यात हात गुंडाळून बसला होता. समोर कागद आला, मी न वाचता सही केली. 'घरी' या शब्दाखाली सही कुणाची, तर सख्ख्या भावाची. पुढे मालक काय म्हणाला असेल ते सांगायला नको.

तर केस पेपर वाचा. रक्त वाहत असलं तरी एक माणूस पेशंटजवळ आणि एक खिडकीजवळ उभा करा. 'कामावर, प्रेस मशीनवर, अमुक वाजता, अमुक गाळ्यात' एवढं त्यावर आलंच पाहिजे. एमएलसी करायला सांगा, म्हणजे दवाखान्यातून पोलिसांना कळवून होणारी नोंद. गाळ्यातला माणूस 'पोलिसांचं लफडं कशाला, बिल आम्ही भरतो' म्हणेल. बिल भरणं हे त्याचे उपकार नाहीत, उपचाराचा खरा खर्च कायद्यानेच मालकाकडे आहे. इंग्रजी वाचता येत नसेल तर नर्सकडून वाचून घ्या, फोटो काढून पुतण्याला पाठवा, काहीही करा. चुकीचं लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुरुस्त करून घ्या, तारखेसकट. महिन्याने गेलात तर कुणी हात लावत नाही. मी गेलो होतो. डिस्चार्ज कार्डही तसंच वाचा, कारण तेच 'घरी' तिथे उतरतं.

दुसऱ्या दिवशी मालकाला लेखी नोटीस. नाव, पत्ता, तारीख, अपघात कसा झाला, बस. पोच घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. नोटिशीनंतर तीन दिवसांत मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणी करतो म्हटलं तर जा. नकार दिला तर हक्क अडकतो. तिथेही हिस्टरी विचारतील, तिथेही 'कामावर, मशीनवर'.

कोऱ्या कागदावर सही नाही. आम्ही ४० हजारांवर 'आता काही मागणं नाही' लिहून दिलं. हक्क सोडून दिल्याचा असला करार कायद्याने रद्दबातल असतो, हे फार उशिरा कळलं. हिशेब तेव्हाच केला असता तर झोप उडाली असती. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के गुणिले त्या वयासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेला आकडा, आणि पगार धरायचा जास्तीत जास्त १५ हजार. भाऊ २९ वर्षांचा, त्याचा आकडा २०९.९२. पगार १४ हजार, त्याचे ६० टक्के ८,४००. गुणाकार १७ लाख ६३ हजार ३२८. तर्जनीची दोन पेरं गेली की त्यातले ११ टक्के, म्हणजे जवळजवळ १ लाख ९४ हजार. शिवाय घरी बसलेल्या काळाचे दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के. महिनाभर थकवलं तर १२ टक्के व्याज, सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. आणि आम्ही ४० हजार घेऊन पेढे वाटले नाहीत एवढंच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली आहे. सांगाडा बराचसा तोच, वर घरून कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, धरला जातो. तेव्हा लोकलचा पास टाकू नका.

पुढचं थोडक्यात. दावा दोन वर्षांच्या आत. मालक देत नसेल तर ठाण्याचं कामगार न्यायालय. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मृत्यूची भरपाई मालकाने भरपाईचे दावे बघणाऱ्या आयुक्तांकडेच भरायची असते, घरी आणून दिलेली धरत नाहीत. साक्षीला शेजारच्या मशीनवरचा माणूस लागेल, त्याचा नंबर आधीच घ्या, नंतर तो गावी जातो. तारखा पडतील, दर वेळी एक दिवसाचा रोज बुडेल.

मूळ कागद कुणाला देऊ नका, मालकाच्या माणसाला तर नाहीच. झेरॉक्स द्या. तीन संच काढा, एक बहिणीकडे, एक माझ्याकडे, एक पोराच्या बॅगेत. आणि काढायच्या आधी केस पेपरची ती ओळ पुन्हा वाचा. 'घरी' दिसलं तर झेरॉक्सवाल्याकडून तसेच दवाखान्यात जा.