प्रोजेक्ट संपायच्या आधी हवामान केंद्र शेतकरी कंपनीच्या ताब्यात कसं घ्यायचं

खांब शेतात उभा आहे, वर सोलर पॅनल आहे, म्हणजे केंद्र आपलंच असं बऱ्याच शेतकरी कंपन्यांना (शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या कंपन्या) वाटतं. मग ते बसवून देणाऱ्या संस्थेचा प्रोजेक्ट संपतो, सत्कार-बित्कार होतो, आणि सिमचा रिचार्ज संपला की अ‍ॅपवर काहीच येईना. म्हणून हे काम संस्थेची माणसं अजून फोन उचलतायत तेव्हाच, शक्यतो एक पावसाळा आधी सुरू करा.

आधी संचालक मंडळात ठराव घ्या आणि संस्थेकडून लेखी यादी मागा: लॉगरचा (सेन्सरचे आकडे साठवून पुढे पाठवणारा डबा) अ‍ॅडमिन पासवर्ड, सिम कोणाच्या नावावर, क्लाऊडचं अकाउंट, डोमेन, अ‍ॅपचा कोड. यात सगळ्यात महत्त्वाचं काय तर लॉगर डेटा पाठवतो कुठे, कारण कितीतरी ठिकाणी तो थेट मशीन विकणाऱ्याच्या सर्व्हरवर जातो आणि संस्था स्वतःच तिथे भाडेकरू असते. तो सर्व्हरचा पत्ता आपल्याला बदलता येईल असं विक्रेत्याकडून लिहून घ्या, नाहीच म्हणाला तर निदान रोजचा कच्चा डेटा डाऊनलोड करायचा हक्क तरी.

जुना डेटा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) घ्या, महिन्याची सरासरी नको, तासातासाची नोंद पाहिजे, आणि कुठला सेन्सर कधी बदलला तेही. द्राक्षवाल्यांना डावणी-भुरी रोगांच्या अंदाजाला हेच लागतं.

शेतकऱ्यांना जाणाऱ्या एसएमएसचं बहुतेक सगळे विसरतात. ट्रायच्या (दूरसंचार नियामक) नियमाने पाठवणारा डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदलेला लागतो, आणि ती नोंद संस्थेच्या नावावर असते. कंपनीने स्वतःची करायची, हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचे टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचे, यात वेळ जातो. शेतकऱ्यांचे नंबर आणि गट नंबर मात्र संस्थेकडून नुसते उचलून आणू नका, नव्याने संमती घ्या, डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे.

हस्तांतराच्या कागदावर सही करायच्या आधी पर्जन्यमापक तपासा. नरसाळ्याचा व्यास २० सेंमी असेल तर ३१४ मिली पाणी म्हणजे १० मिमी पाऊस. तेवढं पाणी तळाला बारीक भोक पाडलेल्या बाटलीतून अर्धा-पाऊण तास थेंब थेंब सोडा, भसकन ओतलं तर कमी मोजतो. आकडा ९ च्या खाली किंवा ११ च्या वर गेला तर आधी दुरुस्ती मग सही. आणि त्या दिवसाची नोंद 'चाचणी' म्हणून मार्क करा, नाहीतर कोरड्या दिवशी १० मिमी पाऊस कायमचा रेकॉर्डला.

विम्याचं आश्वासन सभासदांना देऊ नका. फळपीक विम्याला शासनाने ठरवलेल्या केंद्राचा, म्हणजे महावेधच्या (राज्य शासनाचा हवामान केंद्रांचा प्रकल्प) महसूल मंडळातल्या केंद्राचा आकडा धरतात, आपला नाही. आपलं केंद्र फवारणी आणि पाण्याच्या निर्णयासाठी, आणि त्यासाठी ते मंडळाच्या केंद्रापेक्षा कामाचं कारण ते आपल्या शिवारात आहे.

खर्च म्हणजे रिचार्ज, सर्व्हर, नरसाळ्यातला पालापाचोळा काढणारा एखादा पोरगा, आणि कधीतरी बदलावे लागणारे सेन्सर, आर्द्रतेचा तर हमखास. एकरी वर्गणी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधीच गोळा करा, नंतर कोणी देत नाही (अनुभवी लोकांना माहितीये).

हस्तांतर झालं की सगळे पासवर्ड त्याच दिवशी बदला. ओटीपीचा नंबर सीईओचा खाजगी ठेवू नका, सीईओ बदलतात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कंपनीच्या नावाचं सिम घातलेला एखादा साधा मोबाईल ठेवा.