जहांगीर कलादालनात आध्यात्मिक आशयाची चित्रे पाहताना

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर आर्ट गॅलरीत ध्यान, शून्य, पंचमहाभूते अशा विषयांवरची चित्रप्रदर्शने वरचेवर भरत असतात. १९५२ साली सुरू झालेल्या या कलादालनात प्रवेशशुल्क नसते आणि प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन पुढील सोमवारी संपतात. उद्घाटनाच्या संध्याकाळी पाहुण्यांच्या गर्दीत चित्रापेक्षा माणसेच अधिक दिसतात, तर अखेरच्या संध्याकाळी चित्रे उतरवण्याची लगबग असते. म्हणून मधल्या एखाद्या दिवशी, दालन उघडल्यानंतर लगेच, म्हणजे ११ च्या सुमारास पोहोचावे. चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, कोणत्याही स्थानकावरून चालत जाता येते. तेथे एकाच वेळी अनेक दालनांत निरनिराळ्या चित्रकारांची प्रदर्शने चालू असल्याने, सगळे पाहण्याचा हव्यास न धरता त्या दिवसापुरते एकच दालन निवडणे श्रेयस्कर.

आत शिरताच भिंतीवरील चित्रकाराचे निवेदन वाचू नये. अशा निवेदनांत चैतन्य, ऊर्जा, विश्व असे मोठे शब्द इतके दाटीने येतात की त्यानंतर डोळा चित्रात तेच शब्द शोधू लागतो. प्रथम दालनातून एक सावकाश फेरी मारावी, पाय जेथे आपोआप रेंगाळले त्या दोन-तीन चित्रांकडे परत यावे आणि प्रत्येकापुढे किमान दहा मिनिटे थांबावे. आधी दुरून पूर्ण रचना पाहावी, मग जवळ जाऊन रंगाचे थर, ब्रशचे फटकारे, खरवडलेल्या जागा न्याहाळाव्यात आणि पुन्हा मागे यावे.

विषय आध्यात्मिक असला म्हणून चित्र तसे होतेच असे नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ओंकार, मिटल्या डोळ्यांचा बुद्ध, कमळ आणि सोनेरी वर्ख एवढ्या भांडवलावर उभी राहिलेली, दिवाणखान्याच्या सजावटीसाठीच काढलेली चित्रेही पुष्कळ दिसतात. अशा वेळी चित्रातील ते चिन्ह मनातल्या मनात पुसून टाकावे आणि उरलेल्या रंगांत, अवकाशात नजर खिळवून ठेवण्याजोगे काही शिल्लक राहते का, ते तपासावे.

ही कसोटी लावताना वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगी पडते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या चित्रकाराला झेन या बौद्ध ध्यानपरंपरेच्या विचारात खोल रस होता. परंतु त्यांच्या उत्तरकालीन चित्रांत देव नाही, मंत्र नाही, बहुधा शीर्षकही नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावण्याच्या बोथट सुरीने) रंग चढवत, काढत, कागदाच्या तुकड्यांनी आकार उमटवत ते काम करीत आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी मात्र बिंदू हे चिन्ह उघडपणे स्वीकारले आणि अनेक दशके त्याचाच वेध घेतला. रझांचा तो काळा गोल पुसला तर चित्रच कोसळेल, कारण तेथे चिन्ह हीच रचना आहे. म्हणजे चिन्ह असणे हा दोष नव्हे. ते चित्रात केवळ चिकटवलेले असणे हा दोष.

चित्रकार बहुतेक वेळा दालनातच बसलेला असतो. त्याला ‘याचा अर्थ काय?’ असे विचारले की निवेदनातील वाक्येच पुन्हा ऐकावी लागतात. त्याऐवजी कॅनव्हासवर पहिला रंग कोणता आला, किती थर दिले, चित्र पूर्ण झाले हे कशावरून ठरवले, असे विचारावे. कामाविषयी बोलताना माणूस मोकळा होतो. छायाचित्र घ्यायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी आणि फ्लॅश वापरू नये. चित्र देवाचे असले तरी त्याला हात लावून नमस्कार करू नये. भाव कितीही खरा असला तरी बोटांच्या तेलकटपणाने रंग खराब होतो.

पूर्वी येथील ‘समोवार’ उपाहारगृहात चहा घेत पाहिलेल्या चित्रांवर बोलता येई. ते २०१५ मध्ये बंद झाले. आता निघण्यापूर्वी निवेदन वाचावे आणि अभिप्राय वहीत ‘अप्रतिम’ लिहिण्याऐवजी कोणत्या चित्रापुढे आपण सर्वाधिक वेळ थांबलो, तेवढे नोंदवावे.