स्मार्ट कार्ड वापरताय? मग या चुका टाळा

"कार्ड बिघडलंय, नवीन द्या." रोज सकाळी कुणीतरी माझ्या टेबलाशी येऊन हे म्हणतंच. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. लॉगिनची आणि डिजिटल सहीची स्मार्ट कार्डं सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतेय. चुका त्याच त्या, माणसं तेवढी नवी.

सगळ्यात डोकं खाणारी चूक म्हणजे पिन ठोकत राहणं. चिपच्या आत चुकांची मोजणी चालू असते. साधारण तीन संधी मिळतात. मध्येच बरोबर पिन पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर तिसऱ्या चुकीला कार्ड लॉक. ही मोजणी कार्डात असते, कॉम्प्युटरमध्ये नाही. त्यामुळे मशीन रीस्टार्ट करा, दुसरा रीडर आणा, शेजारच्याचा लॅपटॉप मागा, काडीचा फरक पडत नाही. तरी लोक हे सगळं करतात. मग कार्डाबरोबर आलेल्या पाकिटातून पीयूके (लॉक झालेलं कार्ड उघडायचा कोड) शोधून काढतात आणि तोही घाईत चुकवतात. त्याच्याही संधी संपल्या की बहुतेक कार्डं कायमची मेली. तिथे मलाही हात टेकावे लागतात, कारण चिप मुद्दामच तशी केलेली आहे. चार आकडी पिनचे पर्याय जेमतेम १०,०००. मर्यादा नसती, तर चोराच्या यंत्राने ते बसल्या बसल्या संपवले असते.

आणि खरं कारण अगदी फालतू निघतं. बऱ्याच कार्डांना दोन पिन असतात, एक लॉगिनचा आणि एक सहीचा. कुठला मागितलाय ते समोर लिहिलेलं असतं, पण वाचतंय कोण! माझी सवय सांगते. पहिली चूक झाली की कीबोर्डवरून हात उचलायचे आणि समोरची ओळ मोठ्याने वाचायची. मग नोटपॅड उघडून आकडे नीट उमटतायत का बघायचं (पिन नाही, नुसतं १२३). दुसरीही चूक झाली, तर पिनचं मूळ पाकीट हातात आल्याशिवाय तिसरा प्रयत्न नाही. लोकांना हे बावळटपणाचं वाटतं. वाटू दे.

कार्ड रीडरला दिसतच नसेल, तर आधी ते उलटं घातलंय का बघा. मग चिप कोरड्या मऊ कापडाने पुसा. थुंकी लावून नाही. हो, हेही लिहावं लागतं.

पिन ठोकण्यात निदान वेळच जातो. कार्ड आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हवाली केले की बरंच काही जातं. मी पूर्वी जिथे होते तिथे एक साहेब सतत दौऱ्यावर असायचे. सह्या अडू नयेत म्हणून कार्ड सहायकाच्या ड्रॉवरमध्ये, पिन पिवळ्या चिठ्ठीवर आणि चिठ्ठी कार्डाच्याच पाकिटात. वर्षभर मजेत चाललं. मग सहायक रजेवर गेला, ड्रॉवर उघडा राहिला, आणि पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलण्याच्या एका पत्रावर साहेबांची सही पडली. पैसे भलत्याच खात्यात गेले. साहेब माझ्यासमोर बसून एकच सांगत होते, "अहो, मी तेव्हा विमानात होतो!" मी सहीची पडताळणी लावली. कुठेही खोट नाही.

खोट निघणारच नव्हती. सहीची खाजगी किल्ली, म्हणजे सही तयार करणारा गुप्त आकडा, चिपमधून कधी बाहेर येत नाही. कॉम्प्युटर कागदाचा गणिती ठसा आत पाठवतो, चिप त्यावर सही करून परत देते. म्हणजे सही बरोबर असेल तर ते कार्ड रीडरमध्ये होतं आणि पिन कुणीतरी दिला होता. कुणी दिला, हे चिपला कसं कळणार? हाताच्या सहीत अक्षरावरून वाद तरी घालता येतो. विमानाच्या तिकिटामुळे साहेबांवरचा चोरीचा आळ टळला, कार्ड दुसऱ्याला दिल्याचा ठपका मात्र राहिला.

सहायकाला सही करायची असेल तर त्याला त्याचं कार्ड आणि त्याचे अधिकार द्या. एक फॉर्म भरावा लागतो, एवढंच. "तात्पुरतं देऊन ठेवतो" म्हणणाऱ्यांचं तात्पुरतं कधी संपलेलं मी पाहिलेलं नाही. रीडरमध्ये कार्ड ठेवून उठणं हा त्याच रोगाचा सौम्य प्रकार. काही सेटिंगमध्ये एकदा पिन टाकला की कार्ड आत असेपर्यंत तो पुन्हा विचारला जात नाही. माझं कार्ड गळ्यात असतं आणि ते काढलं की स्क्रीन लॉक होते.

कार्ड हरवलं तर आधी कळवा, मग शोधा. कार्डातलं प्रमाणपत्र (किल्ली तुमचीच आहे हे सांगणारी डिजिटल नोंद) रद्द झालं तर नवं काढता येतं.

कार्डाचा फोटो चॅटवर पाठवू नका. चिप आतलं सांभाळते, वर छापलेलं नाव आणि नंबर नाही.

'चिप आहे म्हणजे अभेद्य' ही समजूतही सोडा. मायफेअर क्लासिक हे दाराच्या आणि प्रवासाच्या कार्डांत भरपूर वापरलं गेलेलं कार्ड. त्याची किल्ली अवघी ४८ बिटांची, आणि त्याची नक्कल करता येते हे संशोधकांनी २००८ मध्येच दाखवून दिलं. २०१७ मध्ये तर चांगल्या प्रतीच्या चिपांमध्ये किल्ली तयार करण्याच्या पद्धतीतच दोष सापडला आणि एस्टोनियाला सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांची प्रमाणपत्रं स्थगित करावी लागली. तेव्हा 'प्रमाणपत्र नव्याने घ्या' अशी सूचना आली की ती पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. फक्त मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका, नेहमीच्या ठिकाणी स्वतः जाऊन बघा.

जुनं कार्ड फेकताना कात्री चिपमधूनच चालवा, नुसता कोपरा कापून काही होत नाही. पण कापण्याआधी त्या कार्डाच्या मेलच्या किल्लीने (सहीची नव्हे, ती वेगळी) कुलूपबंद केलेले जुने मेल आहेत का ते बघा. किल्लीची प्रत कुठे ठेवलेली नसेल, तर कार्डाबरोबर ते मेलही गेले. आधी विचारा, मग कापा. दोन तुकडे घेऊन "हे जोडता येईल का?" असं विचारायला लोक माझ्याकडे आलेले आहेत.