एडीएचडी असलेल्या बायकांची नाती: कुठे अडतं आणि तिथे काय करायचं

माणूस बदलला तरी भांडणं तीच राहतात, हे एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं जड जाणं) असलेल्या अनेकींच्या लक्षात येतं. आधी झोकून देणं, काही महिन्यांत ओसरणं, मग विसरण्यावरून कटकट, शेवटी ‘माझ्यातच खोट आहे’. लक्ष, वेळ आणि भावना आवरण्यात मेंदूला येणारी अडचण यामागे असते. मन घट्ट करून ती जात नाही. घड्याळ, कागद आणि आधी ठरवलेले शब्द मात्र कामी येतात.

पहिले तीन महिने

नव्या नात्यात मेंदूला हवी ती उत्तेजना भरपूर मिळते आणि सगळं लक्ष एकाच माणसावर जाऊन बसतं. रात्री दोनपर्यंत चॅटिंग चालतं, मैत्रिणींचे फोन राहून जातात. प्रेम खरं असतं, वेग टिकणारा नसतो. म्हणून आठवड्यातल्या दोन जुन्या गोष्टी, समजा मंगळवारचा क्लास आणि शनिवारची मैत्रीण, कुणासाठीही हलवू नका. एकत्र राहणं, एकत्र कर्ज, नोकरी सोडून गाव बदलणं हे निर्णय तीन महिने तरी थांबवा. ठरवून लग्न होत असेल तर एक भेट कामाच्या दिवशी संध्याकाळी, दोघंही दमलेले असताना ठेवा. रविवारी कॅफेत सगळेच छान वागतात.

वेग ओसरला की प्रेमच संपलं असं वाटतं, आणि चांगली नाती इथे मोडतात. तेव्हा स्वतःला विचारा: कंटाळा आलाय की अपमान होतोय? कंटाळा असेल तर दोघांनाही न येणारं काहीतरी एकत्र शिकायला घ्या. अपमानावर हा उपाय नाही.

उत्तर आलं नाही की

दुपारी चारला मेसेज गेला, निळ्या टिका आल्या, रात्री नऊपर्यंत उत्तर नाही. पोटात खड्डा पडतो, मग एकामागून एक मेसेज जातात किंवा थेट ‘संपलं आपलं’. नाकारलं जाण्याची ही तीव्र वेदना निदानाच्या अधिकृत निकषांत नाही, पण एडीएचडी असलेल्या अनेकींना ती चांगलीच ठाऊक असते.

अशा वेळी टाइप करा, पण फोनच्या नोट्समध्ये. तीन ओळी पुरतात: काय घडलं, मी काय धरून चालले, दुसरं काय असू शकतं. मग निदान २० मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. तोच विषय मनात घोळवत बसलात तर शरीर शांत होत नाही, म्हणून हाताला काम द्या: भांडी घासा, जिना उतरून-चढून या. नंतर एकच वाक्य पाठवा: ‘उत्तर आलं नाही म्हणून काळजी वाटली, रात्री बोलू या का?’

समोरासमोरच्या भांडणासाठी एक शब्द आधीच ठरवा, ‘ब्रेक’ चालेल. जो ब्रेक मागेल त्याने परत कधी बोलायचं ती वेळ सांगायची आणि अलार्म तिथल्या तिथे लावायचा. अलार्म राहिला तर तुम्ही खरोखरच विसरता, समोरच्याला मात्र टाळल्यासारखं वाटतं. पुढच्या वेळी तो ब्रेक देत नाही.

पालक आणि लेकरू

सर्वांत जास्त झीज इथे होते. ती विसरते, तो आठवण करून देतो, ती ओशाळते, तो चिडून स्वतःच काम उरकतो. हळूहळू तो पालक होतो आणि ती धाकटी. मग शरीराची ओढही आटते. त्यातून आपल्याकडे नवरा डबा विसरला तर विसराळू ठरतो आणि बायको विसरली तर ‘संसारात लक्ष नाही’. हा अन्याय आहे, आणि तो जोडीदाराशी स्पष्ट बोलायलाच हवा.

‘मला आठवण करून दे’ हे बंद करा. काम अख्खं वाटून घ्या. गॅस सिलिंडर तुमच्याकडे म्हणजे संपत आलाय का ते पाहणं, नंबर लावणं, पैसे भरणं, तो येईल तेव्हा घरी कुणी असेल हे बघणं, सगळं तुमचं. वेळेवर न केलेलं लगेच कळतं अशी कामं तुम्ही घ्या: स्वयंपाक, मुलांना शाळेत सोडणं. विम्याच्या हप्त्यासारखी, वर्षातून एकदा आठवावी लागणारी कामं ऑटो-पेवर टाका किंवा जोडीदाराला द्या. बदल्यात तितक्याच वजनाचं काम घ्या, नाहीतर मनात हिशेब साचत जातो.

रविवारी चहाबरोबर २० मिनिटं बसा: येत्या आठवड्यात काय आहे, कोण काय करणार, पैसे किती लागणार. ठरेल ते लगेच दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाका. जुन्या उखाळ्यापाखाळ्या या वेळेत नाहीत. बाहेर जायचं असेल तर दोन अलार्म लावा, एक आवरायला लागायचा आणि एक चपला घालायचा. एकाच अलार्मवर निघायच्या वेळी आंघोळ सुरू होते.

पाळीआधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरतं, आणि अनेकींचं लक्ष लागेनासं होतं, रागही लवकर येतो. दोन-तीन महिने भांडणाच्या तारखा पाळीच्या तारखांशेजारी लिहा. जुळत असतील तर पैशाची, सासर-माहेरची बोलणी त्या दिवसांतून हलवा.

जिथे हे उपाय पुरत नाहीत

अमेरिकेत बर्कली इथे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांच्या चमूने एडीएचडी असलेल्या १४० मुलींचा लहानपणापासून तरुणपणापर्यंत मागोवा घेतला. एडीएचडी नसलेल्या मुलींपेक्षा त्यांच्यात जोडीदाराची मारहाण सोसण्याचं प्रमाण जास्त आढळलं. जन्मभर चुकाच ऐकलेली मुलगी माफी पटकन मागते, आणि ‘मी असं बोललोच नव्हतो, तू विसरलीस’ हे खरं मानते. महत्त्वाचं बोलणं झालं की तारीख घालून, त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी लिहून ठेवा. हात उगारला जात असेल किंवा तुमचा पगार काढून घेतला जात असेल तर संवाद सुधारण्यात वेळ घालवू नका. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना

मोठ्या माणसाच्या निदानासाठी लक्ष न लागणं किंवा अस्वस्थ-उतावळेपणा यांपैकी एका गटातली किमान पाच लक्षणं लागतात. ती घर आणि कामासारख्या दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात, आणि त्यांतली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासूनची असावी लागतात. म्हणून शाळेची प्रगतिपुस्तकं शोधून न्या. ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसतं’ हा शेरा फार उपयोगी पडतो. दंगा न करणाऱ्या मुलींचं निदान सुटतं आणि आधी चिंता किंवा नैराश्याचेच उपचार होत राहतात.

औषध सुरू असेल तर भांडणं कोणत्या वेळी होतात हेही सांगा. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन-चार तास राहतो. सकाळी घेतलेली गोळी संध्याकाळी उरत नाही, आणि दोघं घरी भेटतात ते नेमके तेव्हाच. डोसच्या वेळा बदलायच्या का, हे डॉक्टर ठरवतील. गोळी स्वतःहून वाढवू नका.