गाडी रात्री, ऊन दिवसा: घरच्या सोलरवर ईव्ही चार्ज करताना या चुका टाळा

आमच्या पुण्यातल्या घराच्या गच्चीवर 3 किलोवॉटचं सोलर आहे आणि खाली विजेवरची गाडी. त्यामुळे नात्यातलं कुणी ना कुणी विचारायला येतंच. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे गाडी आता उन्हावर फुकट पळते ना?"

इथेच पहिली गफलत होते. भर दुपारी पॅनेल जोरात असतात तेव्हा गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते. ती घरी येते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. दिवसाची जास्तीची वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) महावितरणच्या लाइनवर जाते आणि रात्री आपण लाइनवरूनच गाडी चार्ज करतो. बिलात दोन्हींची वजावट होते. म्हणजे गाडी चालते ती या वजावटीवर. नेट मीटर लागण्याआधीच सिस्टीम चालू करून "बिल का कमी होत नाही" म्हणणारे मी पाहिलेत.

यातूनच दुसरी गोष्ट निघते, आणि ती विकणारे सहसा आपणहून सांगत नाहीत. लाइट गेली की साधं ऑनग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलरही बंद पडतं, अगदी रणरणत्या उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून उलटी वीज जाऊन शॉक बसू नये, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारं यंत्र) स्वतःहून थांबतो. लाइट नसतानाही गाडी चार्ज व्हायला हवी असेल तर बॅटरीची हायब्रिड सिस्टीम लागते. तिचा खर्च बराच जास्त आहे, आणि गाडीची बॅटरी घरातल्या बॅटरीच्या कितीतरी पट मोठी असते. माझं स्पष्ट मत: तासाभराच्या लोडशेडिंगसाठी हा खर्च करू नका, आदल्या रात्री गाडी भरून ठेवा.

आता हिशोब. 1 किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे 4 युनिट धरा. 3 किलोवॉटचे महिन्याला साधारण 360. मध्यम आकाराची गाडी युनिटला 6 ते 7 किलोमीटर देते. महिन्याला 1000 किलोमीटर फिरणाऱ्याला, चार्जिंगमधली गळती धरून, 165 युनिटांच्या आसपास लागतात. घराचा वापर 200 असेल तर 3 किलोवॉट काठोकाठ पुरतं. स्कूटरचं गणित अगदीच हलकं आहे: रोज 25-30 किलोमीटरला जेमतेम एक युनिट. तेवढ्यासाठी सोलर वाढवू नका. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 1 किलोवॉटला 30,000, 2 ला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78,000 रुपये अनुदान आहे, म्हणून बरेच जण डोळे झाकून 3 वर थांबतात. आधी वर्षभराची बिलं काढा आणि त्यात गाडीचे युनिट मिळवा. जुलैचं बिल बघून घाबरूही नका. पावसाळ्यात आमचं उत्पादन निम्म्यावर येतं, पण एप्रिल-मेचे शिल्लक युनिट तेव्हाच कामी येतात. ही शिल्लक 31 मार्चला संपते. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण वीज घेतो त्या दरापेक्षा खूपच कमी. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच.

आमची स्वतःची चूक झाली ती सावलीत. जागा बघायला माणूस आला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात. पुण्यात तेव्हाच शून्य सावलीचा दिवस असतो. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. गच्ची लख्ख दिसली, पाण्याच्या टाकीपासून चार फुटांवर पॅनेल लागले. डिसेंबरमध्ये मोबाइलवरच्या आलेखात दुपारी तीननंतर रोज एक खळगा दिसायला लागला. वर जाऊन बघितलं तर टाकीची सावली दोन पॅनेलवर तिरकी पसरलेली. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य भर दुपारीही 48 अंशांच्या वर जात नाही. सहा फुटी टाकीची सावली तेव्हा साडेपाच फूट पडते आणि चार वाजता बारा-तेरा फूट. पॅनेल माळेसारखे जोडलेले असतात, त्यामुळे थोड्याशा सावलीचा फटका तिच्या आकारापेक्षा मोठा बसतो. शेवटी टाकी हलवली. प्लंबरचा खर्च वेगळा झालाच. तुम्ही जागा ठरवताना 21 डिसेंबरची सावली धरूनच ठरवा. शेजारी इमारत उठणार असेल तर तीही मोजा.

गाडीच्या बाजूची सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे जुना 15 अँपियरचा सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड. गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ-दहा तास सलग 3 किलोवॉट ओढते. आमच्या शेजारच्या काकांच्या प्लगची एक पिन काळी पडली होती आणि सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होऊन फुगलं होतं. जळका वास त्यांना आठवडाभर येत होता, पण ते टायरचा समजत होते. मीटरपासून स्वतंत्र वायर ओढा, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळून शॉक बसू नये म्हणून ती तोडणारा) लावा. चार्जिंग सुरू होऊन तासाभराने प्लगला बाहेरून हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा. 7.2 किलोवॉटचा चार्जर घ्यायचा असेल तर आधी बिलावरचा मंजूर भार बघा. हा चार्जर एकटाच 32 अँपियर ओढतो. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी सूर्यघर योजनेत सामाईक वापराला, ईव्ही चार्जिंग धरून, किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे. सर्वसाधारण सभेत हा विषय जरूर मांडा.

चार्जरवर लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नसेल, तर सर्व्हिस सेंटरला फोन करण्याआधी अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर संशय तिथेच. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आमच्याकडे दोन बादल्या पाणी ओतल्यावर दिवा हिरवा झाला, पण तो तात्पुरता उपाय. नंतर खड्डा पुन्हा भरून घेतला.

आणि इन्व्हर्टर नेमका बारा-एकच्या सुमारास बंद-चालू होत असेल, तर स्क्रीनवर व्होल्टेज बघा. 250 च्या पुढे जात असेल तर इन्व्हर्टर स्वतःला वाचवतोय. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक किंवा फार लांब असली तरी असं होतं, तेव्हा ती जाड करून घ्या. लाइनवरच व्होल्टेज चढं असेल तर महावितरणकडे लेखी तक्रार द्या. तोवर रविवारी गाडी घरी असते, तेव्हा ती अकरा वाजता चार्जिंगला लावा. घरातला भार वाढला की व्होल्टेज थोडं उतरतं, आणि गच्चीवरची वीज त्या दिवशी सरळ गाडीत जाते.