तिमिंगिल पाहिल्याच्या जुन्या नोंदी कशा वाचाव्यात

तिमि म्हणजे महामत्स्य, त्याला गिळणारा तो तिमिंगिल आणि तिमिंगिलालाही गिळणारा तो तिमिंगिलगिल, अशी उतरंडच संस्कृत वाङ्मयात रचलेली आहे. असा प्राणी कोणी आणि केव्हा पाहिला याचा शोध घ्यायचा असेल, तर ‘खरे की खोटे’ हा प्रश्न आरंभी बाजूला ठेवावा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना काय दिसले व सांगणाऱ्याच्या जिभेने त्यात काय घातले, हे वेगळे करण्यास बसावे. बडोदेकरांना या कामी एक मोठी सोय आहे. तिचा उल्लेख पुढे येईल.

प्रथम एकच नोंद निवडावी आणि तिच्यापुढे दोन काळ लिहावेत: घटनेचा आणि लेखनाचा. उदाहरणार्थ, अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्खस इ. स. पूर्व 325 मध्ये सिंधूच्या मुखापासून इराणच्या आखाताकडे गेला. त्याचा मूळ वृत्तान्त लुप्त झाला असून आज आपण वाचतो तो एरियन या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात दिलेला गोषवारा आहे, म्हणजे मध्ये चार शतकांहून अधिक काळ गेला आहे.

यानंतर कागदाचे दोन भाग करून एकात केवळ दिसलेले आणि दुसऱ्यात त्याचा लावलेला अर्थ लिहावा. मकरानच्या (बलुचिस्तानच्या) किनाऱ्याजवळ समुद्रातून पाणी उंच उसळताना दिसले आणि वल्हेकऱ्यांच्या हातांतून वल्ही गळून पडली, हे पहिल्या भागात जाईल. निआर्खसने जहाजे युद्धासारखी रांगेत आणून आरोळ्या ठोकल्या, तुताऱ्या फुंकल्या आणि ते प्राणी बुडी मारून गेले, हेही तेथेच. परंतु ते आवाजाला भ्यायले, हे विधान दुसऱ्या भागात घालावे, कारण ते प्राणी देवमासे असावेत आणि देवमासा श्वास घेऊन एरवीही बुडी मारतोच. उसळलेले पाणी हा मुख्यतः त्याच्या उच्छ्वासाचा फवारा असतो. खलाशांनी पाहिले ते बरोबर होते, चुकला तो अर्थ.

मापांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण कथेत सर्वांत आधी फुगतात ती मापेच. त्याच वृत्तान्तात किनाऱ्याला लागलेला एक प्राणी पन्नास हात लांब असल्याचे, त्याची कातडी खवल्यांची असल्याचे आणि तिच्यावर शिंपले व शेवाळ वाढल्याचे म्हटले आहे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात सुमारे 45 सेंटीमीटर धरला, तर ही लांबी साडेबावीस मीटर होते. देवमाशाला खवले नसतात. अंगाला चिकटलेल्या कवचधारी जीवांमुळे तसा भास झाला असावा.

आता ती सोय. बडोद्याच्या सयाजीबागेतील (जुन्या मंडळींच्या तोंडी कमाटीबागेतील) संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. हा देवमासा 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी आला होता आणि त्याची लांबी सुमारे 22 मीटर आहे. सांगाड्याला स्पर्श न करता त्याच्या कडेने चालत अंदाजाने हात मोजावेत. पन्नास हा आकडा मग अतिशयोक्तीचा वाटत नाही. मात्र निआर्खसचा प्राणी निळा देवमासाच होता, असा निष्कर्ष एवढ्यावरून काढू नये.

कथा कशासाठी सांगितली गेली, हेही विचारावे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात व्यापाऱ्यांचे जहाज तिमिंगिलाच्या जबड्याकडे ओढले जाते आणि बुद्धाचे नाव ऐकताच तो तोंड मिटतो. येथे प्राण्याच्या आकारापेक्षा नामाचा महिमा सांगण्यावर भर असल्यामुळे मापे काढण्यात अर्थ नाही.

घरच्या वडीलधाऱ्यांकडून विश्वामित्री नदीतल्या एखाद्या अजस्र मगरीची हकिगत मिळाली, तर “तीस फूट होती का?” असे न विचारता “आजोबा, केवढी होती?” एवढेच विचारावे. हात, वाव, पुरुष असे माप ते सांगतील तेच लिहावे आणि मीटरचा हिशेब समासात ठेवावा. आपल्याकडची मगर पाच मीटरांपेक्षा लांब क्वचितच आढळते, हे आपले ज्ञान हकिगत पूर्ण होईपर्यंत बोलून दाखवू नये, कारण सांगणारा मग आठवण सोडून आपल्याशी वाद घालू लागतो.