प्रवरेच्या उगमाकडे: अकोले तालुक्यातला सावकाश प्रवास

घोटीमार्गे गाडीने भंडारदऱ्याला यायचे, धरणाच्या भिंतीजवळ छायाचित्रे काढायची आणि रविवारी संध्याकाळी घाट उतरून परत जायचे, एवढीच बहुतेकांची अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याशी ओळख असते. या डोंगराळ मुलखात सावकाश फिरायचे असेल तर मार्ग उलटा धरावा, असे मी सुचवेन. संगमनेरहून एसटीने अकोल्याला यावे आणि तिथून प्रवरेच्या प्रवाहाविरुद्ध वर सरकत जावे, कारण इथल्या कथा डोंगरांपेक्षा पाण्याला अधिक बांधलेल्या आहेत आणि नदीच्या क्रमाने ऐकल्या म्हणजे त्या एकमेकींत गुंतत जातात. या प्रवासासाठी किमान आठ दिवस हाताशी असावेत.

ऋतूची निवड आधी करावी. आषाढ-श्रावणात घाटघरकडच्या पट्ट्यात पाऊस इतका कोसळतो की पायवाटा ओढे होतात, तर जूनच्या तोंडावर काजवे पाहायला येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांपुढे काजव्यांचेच काही चालत नाही. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम, कारण तेव्हा ओढ्यांना पाणी असते, भात कापणीला आलेला असतो आणि गावकऱ्यांना संध्याकाळी बोलायला थोडी उसंत मिळते. मात्र नवरात्रात कळसूबाईची यात्रा असते. ती पाहायची असेल तरच त्या दिवसांत कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात मुक्काम ठेवावा.

अकोल्यात नदीकाठच्या अगस्ती आश्रमापासून सुरुवात करावी. विंध्याला नमवून दक्षिणेत आलेले अगस्ती ऋषी इथे राहिले आणि रावणवधाचा बाण रामाने त्यांच्याकडूनच घेतला, अशी इथली श्रद्धा आहे. पुढचा टप्पा राजूर. तिथला पेढा प्रसिद्ध आहे, तो घ्यावाच, पण रोख रक्कमही इथेच काढून ठेवावी, कारण वरच्या गावांत मोबाईलची रेंज आणि तिच्यावर चालणारे पैशांचे व्यवहार दोन्ही बेभरवशाचे आहेत. रंध्याचा धबधबा वाटेत पाहून शेंडीला पोहोचावे. तिथले विल्सन धरण, म्हणजेच भंडारदऱ्याचे धरण, १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. त्याच्या जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडीचा रस्ता जातो.

रतनवाडीत तीन रात्री राहावे. पहिल्या खेपेस मी इथे एकच रात्र ठेवली होती. सकाळी रतनगड आणि दुसऱ्या दिवशी कळसूबाई असा बेत होता, आणि घरी परतल्यावर दुखऱ्या पायांखेरीज सांगण्यासारखे काही उरले नाही. आता पहिला दिवस मी केवळ अमृतेश्वराच्या मंदिरासाठी राखतो. सकाळचे तिरपे ऊन पडले असताना शिल्पे पाहावीत, मग जवळच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसावे आणि गावातल्या एखाद्या बाबांना नदीची कथा विचारावी. समुद्रमंथनानंतर देवांच्या पंगतीत लपून बसलेल्या राहूचा गळा विष्णूने कापला आणि त्या गळ्यातून सांडलेल्या अमृताची प्रवरा झाली, म्हणून तिचे नाव अमृतवाहिनी. गंमत अशी की याच कथेचा आधीचा भाग, म्हणजे मोहिनीने अमृत वाटल्याचा प्रसंग, याच नदीच्या खालच्या अंगाला नेवाशात मोहिनीराजाच्या मंदिरापाशी सांगितला जातो. एकच कथा नदीच्या दोन टोकांनी वाटून घेतली आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच रतनगडाची वाट धरावी. ही वाट प्रवरेचे पात्र पुनःपुन्हा ओलांडते आणि दर वेळी पाणी आणखी अरुंद होत जाते, इतके की धरणाच्या जलाशयातली हीच नदी आपण आता एका ढांगेत पार करतो आहोत, हे पटायला वेळ लागतो. वर लोखंडी शिड्या आहेत. त्यांवर घाई करू नये. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे खडकाला आरपार पडलेल्या भोकात, वारा कायम घोंघावत असतो आणि तिथून कळसूबाई आणि अलंग, मदन, कुलंग हे किल्ले ओळीने दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला लाव्हा त्यांच्या आडव्या कड्यांत स्पष्ट वाचता येतो.

मुक्कामाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. घरगुती सोय आधी फोन करून ठरवावी, जेवणाखाणाचे पैसे आल्याबरोबर बोलून घ्यावेत आणि हॉटेलसारखी यादी मागू नये. नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि मिळाला तर काळभाताचा सुवासिक भात, एवढे पुरेसे असते. कथा विचारताना ‘इथला इतिहास सांगा’ असे म्हटले की समोरचा माणूस अवघडतो. त्याऐवजी एखाद्या जागेच्या नावाविषयी विचारावे. बारीत ‘थाळेमेळ हे नाव कशावरून पडले, मावशी?’ असे विचारले की कळसूची गोष्ट आपोआप निघते. केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, या अटीवर ती मुलगी घरकामाला राहिली होती. पाहुणे आले तेव्हा तिला भांडी घासायला लावली, आणि ती डोंगरावर निघून गेली ती कायमची. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि ती जिथे राहिली ते १६४६ मीटर उंचीचे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर. गोष्ट दुसऱ्या गावी थोडी वेगळी ऐकू आली तर दुरुस्ती सुचवू नये. तसेच परवानगीवाचून फोनवर ध्वनिमुद्रण करू नये.

शेवटचे दोन-तीन दिवस पाचनईला द्यावेत. हरिश्चंद्रगडावर या गावातून जाणारी वाट सर्वांत सोपी. अभयारण्याचा भाग असल्याने गडावर रात्री राहण्याचे नियम वनखात्याच्या नाक्यावरच विचारून घ्यावेत. केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात शिवलिंग आहे. त्याच्या चार खांबांपैकी एकच धड उरला आहे आणि तो पडला की कलियुग संपेल, असे सांगतात. गडाच्या कोकणकड्यावर कर्नल साईक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, पाहिले होते. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे सूर्य पाठीशी आणि दरीत ढग अशी जुळणी सकाळीच होऊ शकते. एका सकाळी ते दिसेलच असे नाही, म्हणून दोन सकाळी हाताशी ठेवाव्यात. राजूरला परतण्याच्या एसटीची वेळ मात्र आदल्या रात्रीच घरधन्याला विचारून ठेवावी, कारण ती चुकली तर पुढच्या गाडीचा भरवसा नसतो.